कार्यशाळेच्या फॉर्ममधला ‘प्रवर्ग’ आणि आपली माहिती

बोदवड तालुक्यातल्या एका गावची मुलगी गेल्या वर्षी पुण्यात नोकरीला लागली आणि खोली शोधू लागली. एका ठिकाणी बोलणी झाली, डिपॉझिटचा आकडाही ठरला. दोन दिवसांनी घरमालकीणबाईंचा फोन आला, खोली नात्यातल्या माणसाला द्यावी लागतेय म्हणून. असे होते कधीकधी, म्हणून तिने विषय सोडून दिला. पुढे मैत्रिणीने सहज तिचे पूर्ण नाव गुगलवर टाकले, तर पहिल्याच पानावर एक पीडीएफ निघाली. शिकत असताना तिने एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेला ऑनलाइन नोंदणी केली होती, त्या कार्यशाळेचा तो अहवाल. शेवटच्या पानांवर सहभागी विद्यार्थ्यांची यादी. नाव, मोबाइल, ई-मेल, जन्मतारीख, धर्म, प्रवर्ग. तिच्या नावापुढे ‘बौद्ध’ आणि ‘अनुसूचित जाती’.

“ताई, त्यांनी हे पाहिलं असेल की नाही, मला कसं कळणार?” तिने मला विचारले.

नाही कळणार. ते सिद्ध करता येणार नाही आणि तसा माझा दावाही नाही. पण तिचे आडनाव खानदेशात तीन-चार समाजांत सापडते. आपण कोण, हे कुणाला आणि कधी सांगायचे हे तिच्या हातात होते. त्या यादीने ते तिच्या हातातून काढून घेतले, आणि तिला पत्ताही नव्हता.

आपली मुले आता भरपूर कार्यशाळा, चर्चासत्रे, वेबिनार करतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ई-प्रमाणपत्राच्या लिंका गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होत्या, तेव्हापासून ही सवयच झाली. शिकण्यासाठी हे चांगलेच आहे. मात्र प्रत्येक नोंदणीत आपण काहीतरी देतो. ते कुठे जाते, कोण पाहते आणि परत कसे मागायचे, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

पान उघडताच काय जाते?

कार्यशाळेचे संकेतस्थळ नुसते उघडले, काहीही भरले नाही, तरी थोडी माहिती जातेच. आपला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिला जातो. त्यावरून नाव कळत नाही, पण कुठल्या कंपनीचे इंटरनेट आहे आणि साधारण कोणत्या भागातून आले आहे ते कळते. सोबत वेळ, मोबाइलचा प्रकार, ब्राउझर, कोणते पान पाहिले याचीही नोंद होते. संकेतस्थळ बंद पडले किंवा कुणी हल्ला केला तर शोध घेता यावा म्हणून ही नोंद ठेवतात, त्यात गैर काही नाही.

दुसरी गोष्ट कुकीची. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. लॉगिन टिकून राहावे म्हणून ठेवलेली कुकी कामाची असते. पण त्या पानावर यूट्यूबचा व्हिडिओ, गुगलचा नकाशा किंवा भेटी मोजणारे साधन बसवले असेल, तर आपण आल्याची खबर त्या कंपन्यांनाही पोहोचते. महाविद्यालयाला कधीकधी हे माहीतही नसते. संकेतस्थळ बनवणाऱ्याने ते बसवून दिलेले असते.

फॉर्म आणि त्यामागची शीट

खरी माहिती जाते ती फॉर्ममधून. बहुतेक ठिकाणी तो गुगल फॉर्म असतो. आपण ‘सबमिट’ दाबले की उत्तरे फॉर्म बनवणाऱ्याच्या खात्यात जातात आणि बहुतेक वेळा एका शीटमध्ये ओळीने मांडली जातात. खाते कुणाचे, हा पहिला प्रश्न. महाविद्यालयाच्या नावाचे की एखाद्या प्राध्यापकाचे स्वतःचे? प्राध्यापक बदलून गेले, निवृत्त झाले, तर शीट त्यांच्याबरोबरच जाते.

दुसरा प्रश्न, ती शीट कोण उघडू शकते? शेअर करताना ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय निवडला की ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळी यादी दिसते. संयोजन समितीच्या ग्रुपवर टाकलेली लिंक बाहेर जायला एक फॉरवर्ड पुरतो. गुगल फॉर्ममध्ये आणखी एक सोय आहे. भरणाऱ्यांना उत्तरांचा गोषवारा दाखवायची. ती चुकून चालू राहिली, तर नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांची उत्तरेही दिसू शकतात.

हे मी दुसऱ्यांच्या चुका मोजायला लिहीत नाही. आम्ही काही कार्यकर्त्यांनी मुलींसाठी एक मार्गदर्शन शिबिर घेतले होते, तेव्हा आमची शीट अशीच उघडी राहिली होती. त्यात मुलींचे नंबर होते. एका मुलीच्या भावाने लक्षात आणून दिले, तेव्हा कुठे ती बंद केली. कुणाच्या मनात वाईट काही नव्हते. पण मनात वाईट नव्हते म्हणून बाहेर गेलेला नंबर परत येत नाही.

यादी संकेतस्थळावर कशी येते?

महाविद्यालयांना नॅकच्या मूल्यांकनासाठी दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. कार्यशाळा झाली याचा पुरावा म्हणून निमंत्रणपत्रिका, फोटो आणि सहभागींची यादी जोडतात. ती फाइल संकेतस्थळावर चढवून तिची लिंक अहवालात देतात. कारकून किंवा प्राध्यापक घाईत पूर्ण शीटचीच पीडीएफ करतात. मोबाइल, जन्मतारीख, प्रवर्ग असे सगळे रकाने तसेच राहतात. मग गुगल ती फाइल वाचून ठेवते आणि नाव शोधणाऱ्याला दाखवते.

पुरावा तपासणाऱ्या समितीला दाखवणे वेगळे आणि तोच पुरावा साऱ्या जगाला उघडा ठेवणे वेगळे. सहभागींचा आकडा, वर्ग, किती मुली, किती राखीव प्रवर्गातले, एवढे संकेतस्थळावर दिले तरी काम भागते. नावांची यादी कार्यालयात ठेवावी, समितीने मागितली की दाखवावी. यासाठी पैसा लागत नाही, नवे सॉफ्टवेअर लागत नाही. फाइल चढवण्यापूर्वी चार रकाने काढून टाकायचे, एवढेच काम आहे.

धर्माचा रकानाही जात सांगतो

काही जण म्हणतात, आम्ही जात विचारत नाही, फक्त धर्म विचारतो. महाराष्ट्रात हे म्हणणे फारसे खरे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. यातले बहुतेक १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरांतले. त्यामुळे इथे ‘धर्म : बौद्ध’ वाचणारा माणूस पुढचे स्वतःच ठरवून टाकतो.

मग आपण लपवायचे का? मुळीच नाही. आपण ‘जय भीम’ मोठ्याने म्हणतो, दारावर पंचशील ध्वज लावतो. बाबासाहेबांनी दिलेली ओळख लाजण्याची नाही. पण स्वतःहून अभिमानाने सांगणे आणि आपल्या पाठीमागे दुसऱ्याने यादीत छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात निर्णय आपला असतो, दुसऱ्यात नसतो.

ही माहिती कुणाच्या हाती पडते यावर किती अवलंबून असते, हे आपल्या जळगाव जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. डॉ. पायल तडवी आपल्याच जिल्ह्याच्या. आदिवासी समाजातून येऊन त्या मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार कुटुंबाने केली आणि त्यावर खटला उभा राहिला. पुढे २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर आयआयटी मुंबईत मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी त्या संस्थेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या. एकमेकांना प्रवेश परीक्षेतला रँक किंवा प्रवेशाचा प्रवर्ग विचारणे योग्य नाही, कारण तो जात काढून घेण्याचा मार्ग ठरतो, असा त्यांचा आशय होता. जे वर्गमित्राने विचारू नये, ते महाविद्यालयाने स्वतःच्या संकेतस्थळावर छापावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रवर्ग कधी विचारावा?

प्रवर्ग विचारूच नये असे मी म्हणत नाही. असे म्हणणे उलट आपल्याच तोट्याचे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर जातीचा दाखला द्यावाच लागतो, कारण लाभ त्यावर मिळतो. आरक्षित जागा भरल्या की नाहीत हे तपासायचे तर आकडे हवेत. १९९० मध्ये कायदा बदलून बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, तो हक्कही कागदावरच सिद्ध करावा लागतो.

प्रश्न असा आहे की, ही माहिती कशासाठी मागितली? कार्यशाळेत राखीव प्रवर्गाला शुल्कात सूट असेल, प्रवासखर्च मिळणार असेल, तर प्रवर्ग विचारणे रास्त आहे. संशोधन पद्धतीवरच्या दोन तासांच्या व्याख्यानाला बसायचे असेल, तर नाव, महाविद्यालय आणि प्रमाणपत्र पाठवायला ई-मेल एवढे पुरे. जन्मतारीख कशाला? आधार क्रमांक कशाला? वडिलांचा व्यवसाय कशाला? जुना फॉर्म कॉपी करून नवा बनवतात, म्हणून हे रकाने वर्षानुवर्षे चालत येतात. आकडेवारीसाठीच प्रवर्ग हवा असेल, तर तो नाव नसलेल्या वेगळ्या फॉर्ममध्ये घ्यावा आणि ‘सांगायचे नाही’ हा पर्याय ठेवावा.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. संविधानाच्या कलम २१ मधल्या जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी तो जोडलेला आहे.

त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये विधेयकाचा मसुदा दिला. त्यात ‘जात किंवा जमात’ ही ‘संवेदनशील’ माहिती धरली होती. आरोग्य, बोटांचे ठसे, धार्मिक श्रद्धा यांच्या रांगेत. संवेदनशील म्हणजे जास्त जपायची. २०१९ च्या विधेयकातही ते होते. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. २०२३ मध्ये जो डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, त्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच राहिला नाही. म्हणजे आपला ई-मेल आणि आपली जात, कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखेच. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात धर्म आणि वांशिक मूळ यांना खास संरक्षण आहे. जातीचा अनुभव असलेल्या आपल्या देशाने मात्र मसुद्यात आलेला शब्द गाळला. समाजातल्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा होता. माझ्यासह आपण सगळेच त्यात कमी पडलो.

तरीही या कायद्यात उपयोगाचे बरेच आहे. संमती मोकळी, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली हवी. त्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढ्यालाच ती लागू होते. माहिती मागताना कशासाठी हवी याची सूचना द्यावी लागते आणि ती मराठीतूनही वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. दिलेली संमती मागे घेता येते, आणि देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारता येते, चूक दुरुस्त करून घेता येते, पुसून टाकायला सांगता येते. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते. माहिती फुटली तर ज्यांची माहिती आहे त्यांना कळवावे लागते. सुरक्षेत हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण संमती आणि हक्कांच्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. दुसरी, दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. संशोधनासाठी काही सूट आहे, पण ‘आम्ही शैक्षणिक संस्था आहोत’ एवढ्यावर ती मिळत नाही. हजेरीची यादी म्हणजे संशोधन नव्हे.

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले आहे. व्यक्तिगत माहिती देण्याआड पूर्वीपेक्षा मोठी भिंत आली आहे. शिष्यवृत्तीतला, घरकुलातला घोटाळा आपण याच अधिकारातून बाहेर काढत आलो. म्हणून खासगीपणाची मागणी करताना सावध असावे लागते. लाभ कुणाला मिळाला हे गावाला कळले पाहिजे. त्यासाठी लाभार्थ्याचा मोबाइल आणि जन्मतारीख छापायची गरज नाही.

सेवा केंद्रावर फॉर्म भरताना

आपल्याकडे अनेक मुले आणि पालक फॉर्म स्वतः भरत नाहीत. तालुक्याच्या सेवा केंद्रावर किंवा सायबर कॅफेत कागद देतात आणि तिथला मुलगा भरून देतो. घाईत तो ई-मेल स्वतःचा टाकतो, पासवर्ड स्वतः ठरवतो, दाखल्याचे फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये राहतात. तो आपलाच, ओळखीचा असतो, म्हणून काही वाटत नाही. पण पुढे पासवर्ड हरवला तर दुरुस्ती त्याच्या ई-मेलशिवाय होत नाही.

म्हणून मोबाइल नंबर आणि ई-मेल आपलाच द्या. पासवर्ड घरी वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर फाइल पुसायला सांगा आणि समोर पुसून घ्या. आधारची प्रत द्यावीच लागली, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत चालेल का ते विचारा. ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते.

आपल्या घरातही पाहू

वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत मुलीचा फोटो, जन्मतारीख, पगार, पत्ता, नंबर असतो. पूर्वी ती छापील असायची, मेळाव्याला आलेल्यांपुरती. आता तिची पीडीएफ होते आणि कुठवर जाते ते समितीलाही माहीत नसते. लग्न होऊन दोन मुले झाली तरी अनोळखी फोन येत राहतात, असे सांगणाऱ्या बहिणी मला भेटल्या आहेत. जयंतीच्या वर्गणीच्या याद्या, विहारातल्या शिबिरांचे फॉर्म, अभ्यासिकेची नोंदणी, सगळीकडे हेच. २०२३ चा कायदा नोंदणी नसलेल्या मंडळालाही धरतो, हे आपल्या समित्यांनी लक्षात घ्यावे.

कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी आपल्याला हे शिकवलेले आहे. पंचशीलातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे. मुलीने नंबर दिला तो प्रमाणपत्रासाठी. तो यादीत छापण्यासाठी, क्लासवाल्याला देण्यासाठी तिने दिलेला नव्हता. मग दुसऱ्या कामाला वापरला तर ते न दिलेले घेणेच झाले. विहारात दर रविवारी आपण हे शील घेतो, ते शीटलाही लागू आहे.

काय करता येईल?

कार्यशाळा घेणाऱ्यांनी फॉर्मच्या वरच मराठीत चार-पाच ओळी लिहाव्यात. कोणती माहिती का घेतो, कोण पाहील, किती दिवस ठेवू, काढून टाकायची असल्यास कुणाशी बोलायचे. प्रमाणपत्रे वाटून झाली आणि हिशेब पूर्ण झाला की शीट पुसावी किंवा नंबर तरी काढून टाकावेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपऐवजी, जिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एकतर्फी ब्रॉडकास्ट वापरावा.

भरणाऱ्यांनी तारांकित नसलेले रकाने रिकामे सोडायला शिकावे. तारांकित रकाना खटकला तर संयोजकांना फोन करून कारण विचारावे. आणि आजच आपले पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकून गुगलवर शोधावे. यादी सापडली तर प्राचार्यांना ई-मेल करावा. मजकूर साधा असू द्या : “आपल्या संकेतस्थळावरील या फाइलमध्ये माझे नाव, मोबाइल क्रमांक आणि प्रवर्ग प्रसिद्ध झाला आहे. मी ही माहिती फक्त नोंदणीसाठी दिली होती. कृपया फाइल काढावी किंवा हे रकाने वगळून नवी फाइल ठेवावी आणि तसे मला कळवावे.” सोबत फाइलची लिंक आणि पानाचा फोटो जोडा. फाइल निघाली तरी गुगलच्या निकालात जुनी नोंद काही दिवस दिसते, ती काढण्यासाठी गुगलकडे वेगळी विनंती करता येते.

त्या मुलीने असाच ई-मेल पाठवला. आठवडाभर उत्तर नव्हते. मग आम्ही दोघी महाविद्यालयात गेलो. कार्यालयातल्या बाईंनी फाइल उघडली, यादी पाहिली आणि म्हणाल्या, “यात तर माझ्या भाचीचंही नाव आहे.” त्याच दुपारी फाइल निघाली. मागच्या पाच वर्षांच्या फाइली मात्र अजून तपासायच्या आहेत, त्यांनी मदत मागितली आहे. पुढच्या शनिवारी आम्ही चौघी जाणार आहोत. आपापल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात तुम्हीही जा.

जय भीम.